बोटाच्या एका पेराचा दर

“एक पेर भरतंय, पाट्टी. नियम तुमचाच आहे. आता मागे काय सरता?”

दिनेश लॉनवर उकिडवा बसला होता. उजव्या हाताची तर्जनी त्याने गवतात खुपसली होती, आणि पुरावा निसटेल म्हणून ती बाहेर काढायला तयार नव्हता. मी त्याला तिसऱ्यांदा सांगत होते की तुझ्या बोटाला लागतंय ते मूळ आहे, गादी नाही. तो म्हणत होता, मूळ काय नि गादी काय, पेर ते पेर.

मला पाट्टी, म्हणजे आजी, म्हणणारा हा दिनेश म्हणजे पापनाशमच्या रस्त्यावरच्या एका कल्याण मंडपाचा, तुमच्या भाषेत मंगल कार्यालयाचा, नवा मॅनेजर. चित्रे महिन्यात नोकरीला लागला, तीन महिन्यांनी आडी महिन्यात मला शिकवायला लागला. मंडपाचे मालक, ज्यांना आम्ही सगळे मुदलाळी म्हणतो, ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दोघांचं ऐकत होते. महिन्याभराने, पुढच्या आवणी महिन्याच्या पहिल्या मुहूर्ताला, त्यांच्या नातीचं लग्न त्याच लॉनवर होतं. लॉन हिरवं दिसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्या मागे माझ्या कामावरच्या चार बायका दाताळी घेऊन उभ्या होत्या.

हे भांडण इथेच थांबवते. त्याचा शेवट शेवटी सांगेन. कारण तो कळायला आधीचं थोडं माहीत हवं, आणि आधीचं काही थोडं नाही. अकरा वर्षं मी लोकांच्या लॉनवर वाकून काढली आहेत. एका घरी एक किस्सा, असं धरलं तरी पोतं भरेल. मुलगा म्हणतो, लिहून ठेव. तर लिहिते आहे. देवनागरी मी वडिलांच्या पोथ्यांवरून एकटीने शिकले, शाळा माझी तमिळ आणि तीही आठवीपर्यंत. तेव्हा माझं मराठी तुमच्या पुण्याच्या मराठीसारखं लागलं नाही तर गप्प बसा. तीनशे वर्षांपूर्वी आम्ही इकडे तमिळ मुलखात आलो, तेव्हा घेऊन आलेलं आहे ते.

*

आधी धंदा काय ते सांगते, कारण कुणालाच माहीत नसतो.

लॉनमध्ये वर हिरवं पातं असतं आणि खाली माती. या दोघांच्या मध्ये मेलेल्या काड्यांचा थर साचत जातो. दरवर्षी थोडा थोडा. तो जाड झाला की पाय ठेवल्यावर मऊ लागतं, आणि मालक खूश होतो की वा, काय गालिचा आहे. गालिचा कसला? पाणी वरच्या वर सुकतं, खत वरच्या वर कुजतं, मुळं उपाशी. माझ्या बायका त्या थराला ‘मेत्तै’ म्हणतात, मी गादी म्हणते. ती गादी विंचरून काढायची, हा आमचा धंदा.

मला हे शिकवलं फोनने. नवरा गेल्यावर दुपारी वेळ जात नसे. फोनवर एक गोरा माणूस दाताळ्याने आपलं अंगण विंचरत होता. भाषा कळली नाही, हात कळले.

तसं दाताळं इथे मिळेना. आपलं नेहमीचं दाताळं पाला ओढतं, गादी ओढत नाही. तिला बारीक, लवचिक दात लागतात. मी एका जुन्या सोफ्यातल्या नागमोडी स्प्रिंगा काढल्या आणि राजवाड्यामागच्या गल्लीतल्या लोहाराकडे गेले. सांगितलं, या सरळ करून टोकं वाकवून चोवीस दात बसवून दे. कशाला, म्हणाला. गवत विंचरायला, म्हटलं.

त्याने भाता थांबवला. माझ्याकडे नीट बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “अम्मा, गवताला उवा झाल्या का?”

दाताळं त्याने उत्तम केलं. पण संध्याकाळी माझ्या मुलाला फोन करून, आई बरी आहे ना, असंही विचारलं.

*

सुरुवातीला मी दर चौरस फुटावर लावायची. चौरस फुटाला दोन रुपये, सोपं काम. पण लोक सोपे नव्हते.

एक निवृत्त बँक मॅनेजर होते. टेप घेऊन स्वतः मोजायला आले. एकूण बाराशे चौरस फूट. मग म्हणाले, झोपाळ्याखालचं गवत धरू नका, तिथे कोण बघतं. कार उभी राहते तेवढंही सोडा. कपडे वाळत घालायच्या तारेखालचा पट्टाही नको. कुंड्यांच्या बुडांचे गोल त्यांनी कागदावर वजा केले, आणि बावीस भागिले सातचा आकडा वापरून केले. बाराशेचे साडेआठशे झाले. मी म्हटलं, चालेल. सेल्वीने माझ्याकडे पाहिलं.

सेल्वी म्हणजे माझा उजवा हात. पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा दुप्पट शहाणी, पण हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

आम्ही साडेआठशे फूटच विंचरलं. सुतळी बांधून, काटेकोर. झोपाळ्याखाली एक चौकोनी बेट सोडलं, तारेखाली लांबट पट्टा, कुंड्या उचलून त्यांच्या बुडाएवढे गोल. तीन आठवड्यांनी बाकीचं लॉन तरारलं आणि हे तुकडे पिवळे उठून दिसायला लागले. त्यांच्या बायकोचा फोन आला. राहिलेलं करून द्या, काय होतील ते घ्या, म्हणाल्या. मी विचारलं, साहेब काय म्हणतात?

“साहेब झोपाळ्यावर बसले आहेत,” त्या म्हणाल्या, “आणि मी त्यांना खाली बघत राहायला सांगितलंय.”

*

तेव्हापासून मी फुटाबरोबर जाडीही मोजते. खुरप्याने गवताचा एक छोटा तुकडा कापायचा, बोट उभं धरायचं. अर्ध्या पेराच्या आत असेल तर काम करत नाही, घरी जाते. अर्ध्या ते एक पेर, दोन रुपये फूट. त्याच्या वर साडेतीन.

यावर लोकांनी वाद घातला नाही असं कसं होईल? वाद असा, की बोट कुणाचं? एका वकिलाने आपल्या सहा फुटी मेव्हण्याला बोलावून घेतलं. त्याची बोटं भेंडीसारखी लांब. त्याच्या बोटाने गादी पाऊण पेर भरली, माझ्या बोटाने सव्वा. मी म्हटलं, हरकत नाही, मेव्हण्याच्या बोटाचा दर धरू. फक्त दाताळंही मेव्हण्याच्याच हातात देऊ.

माझा दर मिळाला.

*

हे काम करायचं कधी, यातही गंमत आहे. उन्हाळा ओसरून गवत वाढीला लागलं की करायचं. आमच्याकडे तेव्हा आडी लागते, म्हणजे तुमचा आषाढ-श्रावण. आडीत तमिळ माणूस लग्न करत नाही, घर बदलत नाही, नवीन काही सुरू करत नाही. त्यामुळे मंडप रिकामे, लॉन रिकामी, आणि पुढे आवणीत लग्नांची रांग. सगळं गाव हातावर हात ठेवून बसतं तेव्हा आमच्या हाताला फोड येतात. वर्षाची अर्धी कमाई त्या एका महिन्यात होते. बायकांच्या मुलांच्या फिया त्यातूनच जातात.

अडचण एकच. गादी काढल्यावर लॉन भयंकर दिसतं. तपकिरी, टकलं, मध्येमध्ये माती. आम्ही आधी सांगतो, लोक माना डोलावतात, आणि मग बघितल्यावर ओरडतात.

एका हेडमिस्ट्रेसबाईंचे यजमान असेच आले. लॉन मेलं, म्हणाले. तुम्ही मारलंत. लेखी द्या. मी त्यांना मुळं दाखवली, ते बघेनात. पंधरा दिवस थांबा म्हटलं, ते ऐकेनात. शेवटी सेल्वी पुढे झाली. ती आदल्याच महिन्यात पळनीला नवस फेडून, मोट्टै करून, म्हणजे पूर्ण मुंडण करून आली होती. तिने डोक्यावरचा टॉवेल काढला आणि मान त्यांच्या पुढ्यात वाकवली.

“हात लावून बघा, सार. तीन आठवडे झाले. देवाने एवढे केस दिलेत. गवताला तर आम्ही वर खतही घातलंय.”

त्यांनी हात लावला नाही. लेखीही मागितलं नाही.

*

चौथ्या वर्षी मी मशीन घेतलं. सेकंडहँड, पेट्रोलचं, कोईमतूरहून. ढकलायच्या मोअरसारखंच दिसतं, पण पोटात आडवा दांडा आणि त्यावर उभ्या सुऱ्या. एक ते सहा असे नंबर, जितका मोठा नंबर तितक्या सुऱ्या खोल. मोठ्या, जुन्या हरळीच्या लॉनला बरं पडतं. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मी डिक्शनरी घेऊन बसले आणि दोन महिन्यांत वाचून काढलं. आज मला इंग्रजीत जेवण मागता येणार नाही, पण कार्ब्युरेटर साफ करायला सांगता येतं.

नवीन वाहन आलं की आमच्याकडे पूजा. चंदन, कुंकू, हार, आणि चाकांखाली लिंबं ठेवून त्यावरून गाडी पुढे घ्यायची. गुरुक्कळ, म्हणजे देवळातले पुजारी, आले, मंत्र म्हणाले, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. सेल्वीच्या मनात आलं, मधला भाग राहिला, दृष्ट तिथेच लागायची. तिने पाचवं लिंबू मध्ये सारलं. मी दोरी ओढली.

चार लिंबं चिरडली गेली. पाचवं कुठे गेलं ते सांगता येणार नाही, कारण ते सगळीकडे गेलं. भिंतीवर, माझ्या साडीवर, आणि कुंकवासकट गुरुक्कळांच्या पांढऱ्या धुवट वेष्टीवर, म्हणजे धोतरावर.

गुरुक्कळांनी चष्मा काढून पुसला. “अम्मा, कारपूजेचे मी पाचशे घेतो,” ते म्हणाले. “ज्या वाहनाच्या पोटात सुऱ्या असतात त्याचा दर मी अजून ठरवलेला नाही.”

*

दिनेशच्या मंडपातली एक जुनी गोष्ट. तिथलं लॉन विंचरताना काय काय निघतं! अक्षता, हेअरपिना, जोडवी, आइस्क्रीमचे चमचे. एका आडीत कवळी निघाली. वरची. आम्ही ती धुऊन आधीच्या मॅनेजरकडे दिली, आणि त्यांनी ऑफिसबाहेर चिठ्ठी लावली.

आठवड्यात तिघे आले. तिसऱ्याला बसली.

*

आता डॉक्टरांचं सांगते. हा किस्सा मला आवडत नाही.

मशीन घेतलं त्याच वर्षीची आडी. कर्ज नव्हतं, पण हौस होती. नवीन मशीन घरात बसवून ठेवायचं जिवावर येत होतं. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलं. शेजाऱ्याने केलंय, मलाही करा. लॉन कोरियन गवताचं, अंथरून जेमतेम पाच महिने झालेलं. मी तुकडा कापला, बोट धरलं. हाताला स्पंजसारखं लागलं. ती गादी नव्हती. मातीत शिरायला निघालेली कोवळी पांढरी मुळं होती ती. मला ते दिसत होतं. सेल्वी म्हणालीही, अम्मा, हे काढायचं नाही. मी म्हटलं, एक नंबरवर हलकं फिरवू.

मशीन पाच फूट पुढे गेलं आणि गवत चटईसारखं उचललं गेलं. मी थांबवेपर्यंत दुसरी रांग झाली होती. बंद करायचं सोडून, एकसारखं तरी दिसेल म्हणून मी पुढे ढकललं. म्हातारपणी माणूस असा मूर्खपणा करतं, आणि वर त्याला अनुभव म्हणतं.

डॉक्टर बाहेर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चपला काढल्या, उघड्या मातीवर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, “आता?”

आता म्हणजे, मी आणि सेल्वीने ते गवत परत लावलं. चिमूट चिमूट, चार बोटांच्या अंतराने, गुडघ्यांवर बसून. मशीनने लावता येत नाही. जे मेलं होतं त्याच्या जागी नवं आणलं. सकाळी सहा ते अकरा, महिनाभर. पैसे घेतले नाहीत, मागायचं तोंडच नव्हतं. डॉक्टर रोज चहा पाठवायचे. माझ्याकडे बघून गुडघ्यांना काहीतरी लावा म्हणाले, पण ते डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना तरी काय कळणार. गवत लागलं. माझे गुडघे काही परत लागले नाहीत. तेव्हापासून मी खाली बसले तर उठवायला माणूस लागतो.

म्हणून नियमाला दुसरा अर्धा भाग आहे: अंथरल्यापासून दीड वर्ष नवीन गवताला हात लावायचा नाही, पेर काहीही सांगो.

*

तर पुन्हा त्या मंडपात.

तिथलं जुनं लॉन मार्गळीत, म्हणजे तुमच्या मार्गशीर्ष-पौषात, उखडून मुदलाळींनी नवीन कोरियन गवत अंथरलं होतं. सात महिने झाले होते. दिनेश त्यानंतर आलेला. त्याला रजिस्टरमध्ये दिसलं की दर आडीला लॉन विंचरतात, म्हणून विंचरायचं. मी दुसरा अर्धा भाग डॉक्टरांच्या किश्श्यासकट सांगितला तर म्हणाला, हे तुम्ही आत्ता जोडलंत. मग त्याचा खरा मुद्दा निघाला.

तिरुच्चीची एक पार्टी मशीनने एक रुपया फुटाने करते, तो मुदलाळींना म्हणाला. आठ हजार फूट, दोन तासांत. पाट्टीला आपला भाव पडेल याची भीती आहे. चार बायका, तीन दिवस, दुप्पट पैसे, आणि मशीनचं नाव काढलं की राग.

मी म्हटलं, मशीन माझ्या घरी आहे बाळा, तू शाळेत होतास तेव्हापासून. त्याच्या नंबरांपैकी एकही या गवताला चालत नाही. मी उपटून दाखवलं. गादी असती तर सुकी, तपकिरी हातात आली असती. हे पांढरं होतं आणि ओढल्यावर मातीसकट आलं. दिनेशने बघितलं आणि पुन्हा बोट आत घातलं. “पेर भरतंय.”

मुदलाळींनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी, त्यांच्या समजुतीने, न्याय केला. ते म्हणाले, अम्मा, इतकी वर्षं तुम्ही करताय, तिरुच्चीला मी नाही बोलावत. तुमचा दर, वरचा दर, साडेतीन रुपये. पण करा. नातीचं लग्न आहे, आडीत काही केलं नाही असं घरात कुणी म्हणायला नको. आणि तुम्ही नाहीच म्हणालात, तर दिनेशने उद्याची पार्टी सांगून ठेवली आहे.

आठ हजार फूट, साडेतीन रुपये. त्या आडीतलं सगळ्यात मोठं काम. सकाळी येताना बसमध्ये सेल्वी मला मुलीची कॉलेजची फी सांगत होती. कधीपर्यंत भरायची तेही सांगत होती. बाकीच्या तिघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सेल्वीकडे बघितलं.

सेल्वीने पिशवीतून गोणपाट काढलं, खाली बसली, आणि दाताळ्याच्या दातांभोवती ते गुंडाळायला लागली, दिवस संपल्यावर गुंडाळतो तसं.

दिनेशने तिरुच्चीला लावायला फोन काढला. मुदलाळी माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी एकच वाक्य बोलले, आणि त्यांनी हात वर करून दिनेशला फोन खिशात ठेवायला लावला.

“काढायला मशीन उद्या तिरुच्चीहून येईल, मुदलाळी, पण परत लावायला गुडघे लागतात, आणि माझे त्या डॉक्टरांच्या बागेत संपले.”